नाशिकहून बाईकवर लांब जायचंय? आधी वाटेतल्या शहरांचं घड्याळ बघा

नाशिकहून बाईकवर गोवा, कोल्हापूर, दमण किंवा थेट उटीचा बेत ठरला की चर्चा रंगते ती घाटांची, हॉटेलांची, फार तर टायरची. दिवस मात्र वाया जातो तो चाकणच्या तळेगाव चौकात, नाहीतर भिवंडीच्या कंटेनरमागे. घाटात माणूस दमत नाही, उलट जागा होतो. दमवतो तो पहिला-दुसरा गिअर, अर्धा दाबलेला क्लच आणि समोरच्या ट्रकचा धूर. असा तास-दीड तास गेला की पुढच्या दीडशे किलोमीटरवर चुका व्हायला लागतात.

म्हणून बेत आखताना ‘किती किलोमीटर’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. वाटेतलं मोठं शहर कोणत्या वाराला, किती वाजता ओलांडायचं हे आधी ठरवा आणि तिथून उलटा हिशोब करत घरून निघायची वेळ काढा. ती वेळ जमतच नसेल, तरच शहराला वळसा घाला. बरेच जण आधी वळशाचा रस्ता शोधतात. पण खड्ड्यांतून, गावागावांच्या स्पीडब्रेकरवरून वळसा घालण्यापेक्षा रविवारी पहाटे पुण्यातून सरळ गेलेलं कधीही बरं.

आधी नकाशातून बंद रस्ते खोडा

कारवाल्या मित्राला रस्ता विचारला की तो हमखास समृद्धीचं नाव घेतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला आणि कारवाल्यांची कसाऱ्याच्या कटकटीतून सुटका झाली. आपली नाही. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, मुंबईचा कोस्टल रोड आणि अटल सेतू या सगळ्यांवरही तीच गत. कर्नाटकात जाणार असाल तर बंगळूर-म्हैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी बंद आहे, शेजारच्या सर्व्हिस रोडनं जावं लागतं. दिलासा एवढाच की राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर दुचाकीला टोल नाही.

त्यामुळे मोबाईलच्या नकाशात दुचाकीचं चिन्ह निवडूनच रस्ता बघा. पण त्यातही एक गोम आहे. दुचाकीचा मोड दोन मिनिटं वाचवण्यासाठी गल्लीबोळात, कधी शेतातल्या बांधाशेजारी नेऊन सोडतो. सामान बांधलेल्या गाडीला ते परवडत नाही. घरी बसून पूर्ण रस्ता बोटानं सरकवत बघा, मधली चार-पाच गावं स्वतः टाका आणि त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. शिवाय नकाशा आत्ताची गर्दी दाखवतो. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी पाचला चाकणला पोहोचणार असाल, तर मंगळवारी रात्री अकराला दिसणारा हिरवा रस्ता काय कामाचा? निघायची वेळ बदलून वेगवेगळ्या तासांचे अंदाज काढा. तेवढ्यापुरता मोड कारचा ठेवला तरी चालतो.

मग एक चिठ्ठी करा. रस्त्यांचे क्रमांक नकोत, गावांची नावं आणि वेळा हव्यात: ‘आळेफाटा ६, नारायणगाव मुक्काम, चाकण पावणेसहाच्या आत, खेड शिवापूर नाश्ता.’ ती टाकीवर पारदर्शक चिकटपट्टीनं लावायची. उन्हात मोबाईलचा स्क्रीन दिसत नाही, पावसात बोट चालत नाही. चिठ्ठी दोन्हीत चालते. ‘आत’ हा शब्द लाल पेननं लिहा. ती वेळ चुकली तर पुढचा बेत बदलायचा आहे, गाडीचा वेग नाही.

नाशिकमधून बाहेर पडणं

आपल्याच शहरात अर्धा तास गमावणारे पुष्कळ. पुणे रस्त्यासाठी सगळा गाव द्वारका आणि नाशिकरोडच्या बिटको चौकातून जातो. सकाळी सहाच्या आत निघालात तर तसंच जा, काही अडत नाही. दुपारी निघत असाल आणि घर सिडको, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याच्या बाजूला असेल, तर पाथर्डी-वडनेर दुमाला रस्त्यानं देवळाली कॅम्प, भगूर आणि पुढे पांढुर्ली गाठा. तिथं घोटी-सिन्नर रस्ता मिळतो. अंतर जरा वाढतं, पण सिन्नरपर्यंत डोकं शांत राहतं.

सात-आठ जण असाल तर भेटायची जागा शहरात ठेवूच नका. कॉलेज रोडवर जमायचं ठरलं की कुणाचं पेट्रोल भरायचं राहिलेलं असतं, कुणाचा रेनकोट घरी. सगळ्यांनी टाक्या भरून सिन्नरच्या पुढे भेटायचं. आणि मिसळ खाऊन निघू, हा मोह टाळा. नाशिककराला हे सांगणं जिवावर येतं, पण मिसळीचं दुकान उघडून, रस्सा दोनदा मागून, वर चहा होईपर्यंत साडेनऊ वाजतात आणि पुण्याचं गणित तिथंच संपतं.

पुणे: अलीकडे झोपा, पहाटे ओलांडा

दक्षिणेला जाणाऱ्या नाशिककराची खरी परीक्षा इथं असते. नाशिक-पुणे अंतर साधारण २१० किलोमीटर. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर हा रस्ता आता बराच सरळ झालाय. सिन्नर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर यांना वळणरस्ते आहेत. पण राजगुरुनगर संपलं की चाकण सुरू होतं आणि तिथून मोशी, भोसरी, नाशिक फाट्यापर्यंत सगळा कारखान्यांचा पट्टा. कामगारांच्या बस, सुटे भाग वाहणारे टेम्पो, गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, आणि त्यात तळेगाव व शिक्रापूरकडे फुटणारे रस्ते. अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळ बंदीच्या वेळा असतात आणि त्या बदलत राहतात. बंदी उठली की बाजूला उभी राहिलेली रांग एकदम रस्त्यावर येते. म्हणजे ‘गर्दीची वेळ टळली, आता जाऊ’ असं म्हणून साडेदहाला निघालेला माणूस नेमका ट्रकच्या लोंढ्यात सापडतो.

नाशिकहून रात्री दोनला निघून पहाटे चाकण गाठायचं, असं काही जण करतात. मी तो सल्ला देणार नाही. चंदनापुरी घाटात अंधार, झोपेची वेळ, आणि पुढे जुन्नर-आंबेगावचा उसाचा, बिबट्यांचा पट्टा. ऊसतोडीच्या दिवसांत तर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे एकही दिवा नसताना पुढ्यात उभा ठाकतो. तो वीस मीटरवर आल्यावर दिसतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

त्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी तीनला निघा. पाचच्या सुमारास संगमनेर, सहा-साडेसहाला आळेफाटा आणि अंधार पडता पडता नारायणगाव किंवा मंचर. तिथं साधं लॉज, जेवण, आणि मुख्य म्हणजे रात्रीच टाकी भरून घ्या. पहाटे पावणेपाचला निघालात की चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं चाकण पावणेसहाच्या आत मागे पडतं. कारखान्यांची पहिली पाळी सुरू होण्याआधीची ही फट आहे, ती फार वेळ उघडी नसते. पुढे मोशी, भोसरी, नाशिक फाटा, तिथून पिंपळे सौदागरच्या बाजूनं वाकडला बाह्यवळण रस्त्यावर. किंवा मोशीतून स्पाईन रोडनं निगडीला जाऊन रावेतजवळ तोच रस्ता धरा. चांदणी चौक, वारजे, नवले पूल, नवीन कात्रज बोगदा, आणि सव्वासात-साडेसातला खेड शिवापूरला नाश्ता. पुण्याचे मित्र सोबत येणार असतील तर त्यांनाही तिथंच बोलवा. ‘आमच्याकडे कोथरूडला या, चहा घेऊन निघू’ म्हणणाऱ्याला प्रेमानं नाही म्हणा.

पुणे ओलांडून पलीकडे झोपावं असं म्हणणारेही आहेत. दिवसभर गाडी चालवून, रात्री दहाला, दमलेल्या मनगटांनी मोठ्या शहरात शिरण्यापेक्षा झोप झालेल्या डोळ्यांनी पहाटे शिरणं मला केव्हाही सुरक्षित वाटतं.

पुण्याला वळसा: बेल्हे, जेजुरी, लोणंद

सुट्टीच नाही, आदल्या दिवशी निघणं शक्य नाही, सकाळी सहाला नाशिक सोडून भर दिवसा पुढे सरकायचंय? मग पुण्याचं नाव काढू नका. आळेफाट्यावरून अहिल्यानगरच्या रस्त्याला वळा, थोड्या अंतरावर बेल्हे येतं. तिथून पाबळ, शिक्रापूर, उरुळी कांचन, शिंदवणे घाट, जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार स्टेशन आणि सातारा. पुण्यामार्गे जाण्याच्या तुलनेत अंतरात फार फरक पडत नाही. वेग मात्र तासाला चाळीसच्या आसपास धरा, जास्त नाही. शिक्रापूरला पुणे-अहिल्यानगर आणि उरुळीला पुणे-सोलापूर रस्ता ओलांडावा लागतो. या दोन चौकांत गर्दी असते, पण ती दहा-पंधरा मिनिटांची. मधला बाकी रस्ता शेतातून, ज्वारी-कांद्याच्या रानातून जातो. जेजुरीत थांबून गडाकडे बघत चहा घ्या, पायऱ्या चढायचा मोह पुढच्या खेपेला ठेवा.

याहून लांबून जायचं तर अहिल्यानगर, दौंड, बारामती, फलटण, सातारा असाही मार्ग आहे. सोबत घरचं माणूस मागे बसलं असेल आणि कमरेला खड्डे चालत नसतील तर याचा विचार करा. पण घाईत हा रस्ता धरण्यात अर्थ नाही.

एक अट मात्र पक्की: आषाढी वारीच्या दिवसांत जेजुरीचा मार्ग विसरायचा. ज्ञानोबा माउलींची पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण अशीच जाते. रस्ता वारकऱ्यांचा असतो आणि तसाच असावा. सोमवती अमावास्या आणि चंपाषष्ठीलाही जेजुरीत बाईक ढकलत न्यावी लागेल. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून नाशिक, सिन्नरवरून अहिल्यानगरकडे जाते. ते दिवस पुणे रस्त्याला निघण्याआधी बघून घ्या.

कोकणात: शहापूरला महामार्ग सोडा

नाशिकहून कोकण म्हटलं की लोक भिवंडी, ठाणे, कळंबोली, पनवेल करत जातात. पडघ्यापासून पुढे गोदामं सुरू होतात. उरणच्या बंदरातून येणारे-जाणारे कंटेनर, माणकोली आणि राजणोलीची कोंडी, पुढे कळवा-मुंब्र्याची गर्दी. बाईक आहे, फटीतून काढू, असं वाटतं. दोन कंटेनरच्या मधल्या फटीत पॅनियर (दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या) लावलेली गाडी घालून बघा, मग कळतं.

कसारा उतरून शहापूर आलं की मुंबईचा रस्ता सोडा आणि मुरबाडकडे वळा. मुरबाड, म्हसा, कर्जत, खोपोली, पाली आणि वाकण फाट्याला मुंबई-गोवा महामार्ग. म्हणजे भिवंडीपासून पेणपर्यंतचं सगळं झंझट टळलं. उजव्या-डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत आणि भातखाचरं, हा वरचा फायदा. पावसाळ्यात मात्र कडेची साईडपट्टी खचलेली असते आणि वळणावर चिखल येतो, तेव्हा समोरून एसटी आली की वेग आधीच कमी करा, कडेला उतरू नका. म्हसोबाची जत्रा पौषात भरते. त्या दिवसांत गुरांच्या बाजारामुळे म्हसा गावाच्या आसपास गर्दी असते.

वाकणच्या पुढचा अडथळा म्हणजे इंदापूर आणि माणगाव. बाजारपेठेतून जाणारा रस्ता आणि सुट्टीला येणारी मुंबई. शनिवारी तुम्ही तिथं सकाळी नऊच्या आत असायला हवं. नाशिकहून एका दमात हे जमत नाही. त्यामुळे शुक्रवारी कर्जत, खोपोली किंवा पालीला मुक्काम करा. पाली अष्टविनायकांपैकी असल्यानं राहायची सोय होते. शनिवारी सूर्य वर यायच्या आत महाड गाठलंत की दिवस तुमचा. गणपतीच्या आधीचे चार दिवस या महामार्गावर हौसेनं जाऊ नये. ते चाकरमान्यांचे दिवस.

गुजरात आणि बंगळूर, थोडक्यात

दमण, वलसाड, सुरतेकडे जाताना ठाणे-घोडबंदरला जायचं कारणच नाही. पेठ, कपराडामार्गे वापी-वलसाड गाठता येतं. सावळघाटात वळणं आवळ आहेत आणि ट्रक बरेच असतात, दुपारपूर्वी तो भाग संपवा. मनोर किंवा डहाणूकडे जायचं असेल तर त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड. श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे त्र्यंबकचा रस्ता सोडा. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबक परिसरात रस्त्यांची कामं निघालेली आहेत, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी वळवलेल्या रस्त्यांची चौकशी कराच.

म्हैसूर-उटीकडे जाणाऱ्यांनी कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्गनंतर बंगळुरात शिरू नये. तुमकूरला महामार्ग सोडून कुणिगलमार्गे मद्दूर गाठा, तिथून म्हैसूर. बंगळूर हेच तुमचं ठिकाण असेल तर रविवारी सकाळी आत जा.

कोंडीत सापडलातच तर

कितीही आखलं तरी एखादा ट्रक आडवा होतो. अशा वेळी मागच्या-पुढच्या मित्रांना धरून राहू नका. गटानं फिरायचं ते मोकळ्या रस्त्यावर. गर्दीत प्रत्येकानं आपापलं यायचं आणि ठरलेल्या पलीकडच्या पंपावर भेटायचं. आरशात मित्र शोधताना पुढचा ब्रेक राहतो.

लांब ट्रेलर वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आतल्या बाजूनं कापत येतात. चाकणला डावीकडे वळणाऱ्या ट्रेलरच्या डाव्या बाजूला जी मोकळी जागा दिसते, ती पाच सेकंदांनी नसते. तिथं कधीही शिरू नका. ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

क्लच अर्धवट दाबून गाडी रांगत नेऊ नका. थोडी जागा सुटू द्या, मग गिअरमध्ये टाकून पुढे जा, पुन्हा न्यूट्रल. एअरकूल्ड इंजिनाला थंड ठेवणारा वारा कोंडीत मिळत नाही, म्हणून दोन-तीन मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद. क्लच जड लागायला लागला किंवा गिअर अडकायला लागले, तर कडेला सावलीत गाडी लावून पंधरा मिनिटं थांबा. तुम्हालाही पाणी प्यायचं असतंच.

गाडी आणि सामान

सगळी यादी देत नाही, ती प्रत्येकाकडे असते. शहराच्या गर्दीशी संबंध असलेल्या गोष्टी तेवढ्या सांगतो. सामानाची रुंदी हँडलच्या रुंदीबाहेर जाता कामा नये. बांधून झाल्यावर मागे उभं राहून बघा. हँडल जिथून गेलं तिथून मागचं सगळं गेलं पाहिजे. क्लच केबल जुनी असेल तर निघण्याआधी बदला आणि जुनी चालती केबल सीटखाली ठेवा. ती तुटते ती गर्दीतच, कारण तिथंच ती सारखी ओढली जाते. चेनला दर पाचशे किलोमीटरला, म्हणजे साधारण रोज मुक्कामी, ल्यूब मारा.

पहाटे निघणाऱ्यानं हवा स्वतः बघायची सोय ठेवावी. पाचला पंप उघडा असतो, पण हवेच्या मशीनपाशी कुणी नसतं, ‘हवावाला आठला येतो दादा’ एवढंच ऐकायला मिळतं. छोटा गेज आणि बॅटरीवर चालणारा पंप फार जागा घेत नाही. टायर थंड असतानाच दाब तपासायचा असतो, त्यामुळे पहाटेची वेळ उत्तमच.

कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असली तरी चालतात, पण पीयूसीची तारीख एकदा बघा. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असू द्या. हेल्मेट मागच्यालाही. मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे दोन क्रमांक फोनमध्ये ठेवा.

परतीचा हिशोब वेगळा

जाताना सगळे काटेकोर, येताना ‘निघू निवांत’. रविवारी संध्याकाळी सातारा-पुणे रस्ता पुण्याकडे भरून वाहत असतो आणि तुम्ही त्याच लोंढ्यातून येता. शिवाय कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. न्यूट्रलमध्ये सुटलेला, ब्रेक तापलेला ट्रक मागून कधी येईल सांगता येत नाही. उतारावर डावी मार्गिका धरा, गिअरवर उतरा, आणि मागे मोठं वाहन चिकटलं की त्याला पुढे जाऊ द्या.

पुणं मागे पडल्यावर मात्र चित्र उलटतं. रविवारी संध्याकाळी चाकणची गर्दी पुण्याच्या दिशेनं असते, नाशिककडे येणारी बाजू त्यामानानं सुटसुटीत. शुक्रवारी संध्याकाळी बरोबर उलट. म्हणून कोल्हापूर-साताऱ्याहून येताना रविवारी दुपारी बाराच्या आत पुणे ओलांडा, किंवा सरळ साताऱ्यात मुक्काम करून सोमवारी लोणंद-जेजुरी-बेल्हेमार्गे या. कोकणातून येताना माणगाव रविवारी दुपारनंतर टाळायचं. सकाळीच वाकण गाठून पाली-खोपोली-कर्जत धरा. मुरबाडला जेवण केलंत तर उजेड असतानाच कसारा चढून होतो, आणि इगतपुरीचं धुकं उतरायच्या आत घोटी मागे पडते.